कागदी टोपीखालचे द्राक्ष

जपानमधील यामानाशी प्रांतात, फुजी पर्वतापासून फार दूर नसलेल्या कात्सुनुमा गावी दाइझेन-जी नावाचे बौद्ध देवालय आहे. तेथील भैषज्यगुरू बुद्धाच्या हाती चक्क द्राक्षांचा घोस आहे. इ. स. ७१८ मध्ये ग्योकी नावाच्या भिक्षूला बुद्धाने याच रूपात दर्शन दिले आणि मग त्याने लोकांना द्राक्षाची लागवड शिकविली, अशी आख्यायिका. दुसरी कथा सांगते, की ११८६ साली अमेमिया कागेयू याला रानात एक वेगळाच वेल सापडला. कथा कोणतीही खरी माना, त्या द्राक्षाचे नाव कोशू. हे या प्रांताचेच जुने नाव!

जनुकीय तपासणीत या द्राक्षाचे मूळ बरेचसे युरोपीय वंशात आणि थोडे चीनच्या रानवेलींत सापडले. म्हणजे पाहुणाच तो. पण परमुलखातून आलेली मिरची आपल्या ठेच्यात जशी घरची झाली, तसा हा तिथला झाला. फिकट गुलाबी-जांभळा रंग, जाड साल. ही साल हेच त्याचे चिलखत, कारण तेथे तोडणीच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात, वादळी पावसाची भीती असते. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराला हे दुखणे वेगळे सांगायला नको. तेथेही वेल मांडवावरच चढवतात. काही बागांत तर प्रत्येक घोसावर हाताने मेणकागदाची छोटी टोपी बसवतात. हजारो घोस आणि हजारो टोप्या!

या द्राक्षाची वाइन करण्यासाठी १८७७ साली ताकानो मासानारी आणि त्सुचिया र्यूकेन हे दोन तरुण बोटीने फ्रान्सला गेले आणि १८७९ साली विद्या घेऊन परतले. त्यांना पाठविणारी कंपनी मात्र काही वर्षांतच बुडाली. पुढे कितीतरी काळ कोशू हे खाण्याचेच द्राक्ष राहिले. उरल्यासुरल्या मालाची गोडसर वाइन होई. गावकरी ती मोठ्या बाटलीतून चहाच्या पेल्यात ओतून घेत. जाणकार म्हणत, पाणचट आहे.

कलाटणी मिळाली १९८० च्या दशकात. वाइन तयार झाल्यावर यीस्टचा गाळ लगेच काढून न टाकता, त्याच्यावरच ती काही महिने मुरू देण्याची फ्रेंच रीत मर्सियन कंपनीने कोशूला लावली. पातळ चवीला अंग आले आणि गोडवा घालण्याची गरज उरली नाही. विशेष म्हणजे कंपनीने ही युक्ती कुलूपबंद ठेवली नाही; शेजारच्या छोट्या उत्पादकांनाही शिकविली. एकट्याचे नाव होऊन भागणार नाही, गावाचे नाव झाले पाहिजे, हा हिशेब शहाणपणाचा ठरला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या यादीत कोशूची नोंद झाली आणि युरोपात बाटलीवर हे नाव छापण्याची वाट मोकळी झाली.

आजची कोशू वाइन फिकट, कोरडी आणि हलकी असते. तिला युझू या जपानी लिंबाचा आणि नासपतीचा मंद गंध येतो. माशांच्या ताटात सोलकढी जशी चव झाकत नाही, उलट खुलवते, तशीच ही कच्च्या मासळीच्या पातळ कापांबरोबर शोभते. ज्या हलकेपणाला पूर्वी दोष म्हटले, तोच तिचा गुण ठरला. द्राक्ष तेच होते. बदलली ती त्याच्याकडे पाहण्याची नजर.

तरीही काळजी सरलेली नाही. शेतकरी म्हातारे होत आहेत. खाण्याच्या 'शाइन मस्कत' द्राक्षाला कितीतरी चढा भाव मिळतो; मग मांडवावर कोशू कोणी ठेवावे? वाइन घ्यावी की न घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पावसाळी आभाळाखाली, हात वर करून एकेका घोसाला कागदी टोपी घालणाऱ्या त्या माणसाला कष्टाचे मोल मिळावे, असे मात्र कोणालाही वाटेल.