इनबोर्ड इंजिन तापले असता

नौकेच्या पोटातील डिझेल इंजिनाचा काटा तांबड्या रेषेकडे सरकू लागताच गती उतरवून प्रथम एक्झॉस्टच्या तोंडाकडे पाहावे. कारण बहुतेक नौकांत समुद्राचे पाणी हीट एक्स्चेंजरमधील उष्णता हरण करून धुरासमवेत तेथूनच बाहेर पडते, आणि ती धार क्षीण झाली असेल, तर दोष खाऱ्या पाण्याच्या वाटेवर आहे असे खुशाल समजावे. सी-कॉक उघडा आहे ना, गाळणीत शेवाळ साचले आहे काय, हे पाहावे. (पाणी ओढणाऱ्या तोंडाशी चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी इंजिन बंद होताच गळून पडते, त्यामुळे हा गुन्हेगार मुद्देमालासह सहसा सापडत नाही!) त्यानंतर पंपाचे झाकण काढून रबरी इंपेलर तपासावा. पाती तुटलेली आढळल्यास नवा इंपेलर बसवून स्वस्थ राहणे हा माझ्या मते शुद्ध गाफीलपणा होय: गहाळ तुकडे बहुधा पुढे एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकलेले असतात, आणि ते जुळवून जुन्या इंपेलरचा हिशेब पुरा होईपर्यंत शोध थांबवू नये. धार जोरकस असूनही काटा चढत असेल, तर गोड्या पाण्याची पातळी, पंपाचा पट्टा, थर्मोस्टॅट आणि नळ्यांतील क्षारांचा थर यांची तपासणी करावी. गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण मात्र इंजिन पुरते निवल्याखेरीज उघडू नये. दाबाखालचे पाणी उसळून हात-तोंड भाजते.