शेवटचे काडतूस का अडते?

टॉर्चमध्ये सेल एकामागे एक बसतात आणि टोकाची स्प्रिंग त्यांना दाबून धरते, हे आपण पाहतोच. अमेरिकेतील १८६० च्या हेन्री रायफलीत अशीच सोय होती. तिच्या नळीखालच्या पोकळीत १६ काडतुसे ओळीने राहत. तरफ खाली-वर केली की एक काडतूस उचलले जाई आणि स्प्रिंग पुढचे मागे सारी.

अशा जुन्या रायफलीत शेवटची एक-दोन काडतुसे अडू लागली, तर दोष कोठे शोधायचा? आपण हूकचा नियम आठवू या. स्प्रिंग जितकी अधिक दाबलेली, तितका तिचा जोर अधिक. म्हणजे शेवटच्या काडतुसाला सर्वांत कमी जोर मिळतो. वर्षानुवर्षे दबून स्प्रिंग आखूड झाली, की उणीव प्रथम तेथेच जाणवते. ताणून लांब केलेली स्प्रिंग वापरात पुन्हा आखडते. म्हणून नवीच घालणे बरे.

पण बरीच काडतुसे शिल्लक असताना, म्हणजे जोर भरपूर असताना, ती ठरावीक जागीच अडली तर? मग कारण घर्षणाचे: नळीला पोचा किंवा आत घाण. हेन्रीच्या पोकळीला खालून लांब फट होती, तीतून माती शिरे. १८६६ च्या विंचेस्टर रायफलीत पोकळी बंद झाली व काडतुसे भरण्याची खिडकी बाजूला आली.

ही तपासणी मात्र जाणकार कारागिराने, दारू नसलेल्या नकली काडतुसांनीच करायची असते.