कटिंग मॅट खरंच भरून येते का?

आजचा विषय पाहून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली, ते शिवणाच्या मॅटवर काय बोलणार? पण शब्द तपासणं हे आमचं जुनं काम, आणि या मॅटच्या वेष्टनावर एक शब्द छापलेला असतो तो तपासण्याजोगा आहे: ‘सेल्फ-हीलिंग’, म्हणजे आपोआप भरून येणारी. तो शब्दशः घेतला की मॅट लवकर वाया जाते.

आधी ही वस्तू लागायला लागली कशी ते पाहू. आपल्या मुरुडात वाकळ शिवायला मॅट कधी लागली नाही. जुनी लुगडी-धोतरं हातानं फाडायची, उरलेलं कात्रीनं कापायचं, जमिनीवर अंथरून धावदोरा घालत जायचं. कात्रीला खाली आधार लागत नाही, कारण तिची दोन पाती एकमेकींना आधार देतात. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा रोटरी कटर आणला. कापडाचे चार थर एका दमात सरळ कापणारं हे पातं, पण ते एकटं. त्याला खाली काहीतरी हवं. म्हणजे कात्रीचं जे दुसरं पातं, ते काम इथे मॅट करते. पात्याची काळजी आपण घेतो, मग या दुसऱ्या पात्याचीही घ्यायला नको का?

आता ‘भरून येणं’. ही मॅट सहसा पीव्हीसी प्लास्टिकची असते. पुष्कळ मॅटमध्ये आत कडक थर आणि वर-खाली मऊ थर असतात. धारदार पातं उभं आत शिरलं की मऊ प्लास्टिक बाजूला सरतं, आणि पातं निघालं की परत जवळ येतं. चीर मिटते, पण सांधली जात नाही. आपल्या बोटाला कापलं तर शरीर नवी कातडी तयार करतं. मॅट नवं काहीच तयार करत नाही. एवढा फरक ध्यानात ठेवला की निगा राखण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चिरेत काही अडकलं तर चीर मिटणार कशी? कापताना सुताचे तंतू पात्याबरोबर आत जातात आणि पाचरीसारखे बसतात. म्हणून काम संपलं की मॅटवरून मऊ ब्रश फिरवावा. वर दिसणाऱ्या तंतूंना साधा खोडरबर चालतो. महिन्या-दोन महिन्यांनी मॅट सपाट ठेवून गार किंवा अगदी कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन हलक्या हातानं गोल गोल घासावी. मग स्वच्छ पाण्यानं पुसून सावलीत आडवी ठेवून वाळवावी. दोरीवर घालू नये. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव्य लावू नये, त्यानं प्लास्टिकच खराब होतं. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी येते. ती मॅटवरच्या धुळीवर, खळीवर आणि तंतूंवर पोसते. तेव्हा जून ते सप्टेंबर पुसणं जरा जास्त वेळा, बरं का.

मिटणं वेगळं आणि तुकडा निघून जाणं वेगळं. पातं तिरकं धरलं की प्लास्टिकची बारीक कपची निघते, ती जागा कधीच भरत नाही. पातं बोथट झालं की आपण जोर लावतो आणि तंतू आणखी खोल जातात. समुद्राच्या खाऱ्या हवेत पातं गंजतं, म्हणून काम झाल्यावर ते पुसून मशीनच्या तेलाचा एक थेंब लावावा. रोज एकाच रेघेवर कापू नये, मॅट अधूनमधून फिरवून घ्यावी.

तिसरी गोष्ट उष्णता, आणि इथे आम्ही स्वतः ठेच खाल्ली. मे महिन्यात आमच्या घरची मॅट पडवीत भिंतीला टेकवून ठेवली होती. दुपारचं ऊन आलं. पीव्हीसी तापलं की मऊ पडतं, आणि गार होताना ज्या आकारात असेल त्या आकारात राहतं. मॅट किंचित कौलासारखी वाकली. डोळ्यांना जाणवलं नाही. तिच्यावर पट्टी डुगडुगत होती, तरी तसेच चौकोन कापले. प्रत्येक चौकोनात अर्ध्या सुताचा फरक, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. एका ओळीत वीस चौकोन. हिशोब करा, सव्वा इंच! आणि कापड होतं आईच्या नऊवारीचं. मॅट दुसरी मिळाली, पण ते लुगडं कुठल्या दुकानात मिळणार?

म्हणून मॅट कायम आडवी, पलंगाखाली किंवा टेबलावर ठेवावी. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, उन्हातल्या गाडीत नको. चहाचा कप तिच्यावर नको. इस्त्री तर मुळीच नको, त्यासाठी वेगळी चादर घडी घालून घ्यावी. किंचित वाकलेली मॅट सपाट फरशीवर वजनाखाली काही दिवस ठेवून पाहावी. कधी सुधारते, कधी नाही. तिच्यावर चांगलं कापड घेण्याआधी पट्टी ठेवून चारी बाजूंनी दाबून बघा. डुगडुगली, तर ती मॅट कागद कापायला ठेवा.

तर मॅट आपोआप भरून येते का? चीर मिटवण्याचं तिचं काम ती करते. चीर स्वच्छ ठेवणं, पातं धारदार ठेवणं आणि उन्हापासून जपणं, हे त्या छापील शब्दात येत नाही. ते आपल्याकडे आहे. आम्ही इथे थांबतो.