कथेचा शेवट व पात्रांचे हेतु

कोणतीहि लांबलचक कथा ऐकतांना श्रोत्याच्या मनांत आरंभीं एकच प्रश्न असतो : पुढें काय झालें ? परंतु कथा शेवटास येऊं लागली म्हणजे त्या प्रश्नाची जागा दुसरा प्रश्न घेतो : हा मनुष्य असा कां वागला ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर घटना देतात. दुसऱ्याचें उत्तर पात्राच्या अंतःकरणांत शोधावें लागतें. ज्या आंतरिक प्रेरणेनें मनुष्य एखादें कृत्य करावयास उद्युक्त होतो तिला हेतु म्हणतात. हेतु पटला तर भयंकर शेवटहि श्रोता मान्य करतो. हेतु पटला नाहीं तर गोड शेवटहि त्यास खोटा वाटतो. असें कां होतें, व त्यापासून आपण काय घ्यावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अलीकडच्या काळांत या प्रश्नाची मोठी चर्चा झाली ती एका परदेशी दूरचित्रवाणी-मालिकेच्या शेवटावरून. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अद्भुतकथा जॉर्ज मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्यांच्या आधारें रचलेली असून ती २०११ पासून २०१९ पर्यंत आठ पर्वांत दाखविली गेली. ती प्रौढांकरितां केलेली आहे व बालवाचकांनीं ती पाहावी असें येथें सुचवावयाचें नाहीं. तिच्या रचनेपुरताच हा विचार आहे. तींत डेनेरिस नांवाची एक राजकन्या आहे. तिच्या पित्याचें राज्य गेलेलें, तिचें बालपण परदेशांत आश्रितासारखें गेलेलें. पुढें अग्नि ओकणारे तीन उडते ड्रॅगन तिच्या स्वाधीन होतात आणि गुलामांच्या बेड्या तोडणारी म्हणून तिची कीर्ति पसरते. शेवटच्या पर्वांत ती आपल्या पूर्वजांच्या राजधानीवर चालून जाते. नगरांतील घंटा वाजूं लागतात. ती शरणागतीची खूण असते. लढाई जिंकलेली असते. तरीहि ती बायकामुलांसह तें सारें नगर जाळून टाकते.

हा भाग मे २०१९ मध्यें दाखविला गेला, आणि प्रेक्षकांत एकच खळबळ उडाली. शेवटचें पर्व नव्यानें रचावें अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनीं सह्या केल्या. हे लोक कशावर रागावले होते ? राणीनें घोर पाप केलें यावर नव्हे. तशीं कृत्यें त्या कथेंत पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार ही कीं, कालपर्यंत दीनांची कैवारी असलेली ही स्त्री घंटेच्या नादासरशी अशी कां फिरली, हें त्यांस कळलें नाहीं. उलट पक्ष म्हणे, बीजें पूर्वींपासून होतीं. तिच्या वेड्या पित्यानेंहि तेंच नगर जाळूं पाहिलें होतें. तिनें स्वतः शत्रूंस पूर्वीं जिवंत जाळलें होतें. तिची जिवलग सखी तिच्या डोळ्यांदेखत मारली गेली होती, आणि सिंहासनावरील हक्कहि दुसऱ्याचा ठरत होता.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. बीजें होतीं हें खरें. परंतु आरंभींच्या पर्वांत दहा दहा भाग असत, तेथें शेवटच्या दोन पर्वांत अनुक्रमें सात व सहाच उरले. पेरणी आणि कापणी यांच्यामध्यें जो पावसाळा लागतो तोच आंखूड पडला. शिवाय घंटा वाजत असतां ती राणी एक शब्दहि बोलत नाहीं. तिच्या मनांत काय झालें हें प्रेक्षकानें तिच्या मुद्रेवरून ताडावयाचें, आणि प्रत्येकानें तें वेगळें ताडलें.

पात्राचा हेतु पटण्यास तीन गोष्टी लागतात : प्रसंग, स्वभाव आणि निश्चय. प्रसंग म्हणजे बाहेरून बसलेला आघात. स्वभाव म्हणजे तो आघात झेलणारें, फार दिवसांपासून घडत आलेलें मन. आणि निश्चय म्हणजे दुसरा मार्ग समोर दिसत असतां त्या मनानें केलेली निवड. ठिणगी दगडावर पडली तर विझते, कडब्याच्या गंजीवर पडली तर आग लागते. परंतु मनुष्य म्हणजे नुसती गंजी नव्हे. पडलेली ठिणगी पायाखालीं चिरडावी कीं फुंकर घालून पेटवावी, हें त्याच्या हातीं असतें. प्रसंग आणि स्वभाव दाखवून निश्चय दाखवावयाचा राहिला, म्हणजे कथेचा शेवट ऐकणाऱ्यास उपरा वाटतो.

या तिन्ही गोष्टी एका ठिकाणीं पाहावयाच्या तर आपणांस परदेशीं जावयास नको. आपल्या खानदेशाच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांत, अक्राणी तालुक्यांत अस्तंभा नांवाचा सुमारें १,३२५ मीटर उंचीचा डोंगर आहे. पूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांत मोडे. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत आहे. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास यात्रेकरू, विशेषतः आदिवासी बांधव, अश्वत्थाम्याच्या दर्शनासाठीं हा डोंगर चढतात. इकडे जळगांव जिल्ह्याच्या सीमेपलीकडे बऱ्हाणपुराजवळ असीरगड आहे. तेथील शिवालयांत अश्वत्थामा पहाटे पूजेस येतो अशी दंतकथा आहे. कपाळावरची न भरणारी जखम घेऊन तो रानोमाळ हिंडतो व भेटेल त्या वाटसरूपाशीं जखमेवर घालावयास तेल मागतो, असें जुनीं माणसें सांगतात.

महाभारतास श्रद्धाळू लोक इतिहास मानतात, त्यामुळें त्याची व एका कल्पित अद्भुतकथेची योग्यता एक, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु पात्राच्या हेतूचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. शिवाय तेंहि आपल्याकडे दूरचित्रवाणीवरूनच घरोघर पोंचलें. बी. आर. चोप्रा यांची ९४ भागांची ‘महाभारत’ मालिका २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं लागे, व २०२० सालच्या टाळेबंदींत ती पुन्हां दाखविली गेली. त्या महाकथेच्या शेवटींहि जिंकलेल्या युद्धानंतरची एक काळरात्र आहे, आणि तींतील प्रमुख पुरुष अश्वत्थामा हाच आहे.

प्रथम त्याचा स्वभाव पाहूं. आदिपर्वांत द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची हकीकत आहे. श्रीमंतांचीं मुलें दूध पितांना पाहून लहानगा अश्वत्थामा रडूं लागला. तेव्हां सोबतच्या मुलांनीं पाण्यांत पीठ कालवून तेंच दूध म्हणून त्यास पाजलें. दूध मिळालें या आनंदानें तो नाचूं लागला, आणि मुलें त्यास हंसलीं. पुढें द्रोणाचार्य राजपुत्रांचे गुरु झाले. ते इतर शिष्यांस पाणी आणावयास अरुंद तोंडाचे कमंडलु देत व पुत्रास रुंद तोंडाचा घडा देत. हेतु हा कीं, त्यानें आधीं परत यावें व चार गोष्टी अधिक शिकाव्या. अर्जुनानें ही युक्ति ओळखली व तोहि त्याच्याबरोबरच परत येऊं लागला. पुढें ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनास मिळालें हें न साहून अश्वत्थाम्यानें तें बापापाशीं मागितलें. पुत्राचा चंचल स्वभाव बाप ओळखून होता. तरी मन प्रसन्न नसतांहि, मनुष्यांवर हें सोडूं नको असें बजावून, त्यानें तें दिलेंच. एकदां तर अश्वत्थाम्यानें द्वारकेस जाऊन श्रीकृष्णापाशीं त्याचें चक्र मागितलें. श्रीकृष्ण म्हणाला, ने. त्यास तें उचललेंच नाहीं. तें कशासाठीं हवें होतें असें विचारतां, तुझ्याशींच लढण्यासाठीं, असें त्यानें सांगितलें. पिठाच्या पाण्यापासून चक्रापर्यंत एकच धागा चालला आहे : जें दुसऱ्यापाशीं आहे तें मजपाशीं कां नाहीं ?

तथापि व्यासांनीं त्यास केवळ काळाकुट्ट रंगविलेला नाहीं. विराटपर्वांत कर्ण बढाई मारूं लागला तेव्हां त्याची कानउघाडणी करणाऱ्यांत अश्वत्थामा होता. कर्णपर्वांत दुःशासन पडल्यावर त्यानें दुर्योधनाचा हात धरून, आतां तरी पांडवांशीं संधि कर, अशी विनवणी केली; आणि हें कधीं, तर स्वतःच्या पित्याचा वध झालेला असतांना. म्हणजे चांगली वाट कोणती हें त्यास ठाऊक होतें.

आतां प्रसंग. युद्धाच्या पंधराव्या दिवशीं, अश्वत्थामा मेला, या फसव्या बातमीनें द्रोणाचार्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें, आणि धृष्टद्युम्नानें त्यांचें मस्तक छाटलें. अठराव्या दिवशीं भीमानें गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाची मांडी फोडली. धुळींत पडलेल्या त्या राजानें अश्वत्थाम्यास सेनापति नेमलें. सेना तरी कोणती ? कृपाचार्य व कृतवर्मा हे दोघेच. रात्रीं तिघे एका वडाखालीं आले. दोघे झोंपले, तिसऱ्यास झोंप येईना. इतक्यांत एका घुबडानें येऊन वडावर झोंपलेल्या कावळ्यांचा संहार केला. अश्वत्थामा तें पाहत होता.

येथें सामान्य कथाकार त्यास तडक पांडवांच्या शिबिरांत पाठविता. व्यास तसें करीत नाहींत. अश्वत्थामा मामास जागें करतो आणि मनांतील बेत सांगतो. कृपाचार्य म्हणतात : आज झोंप घे, उद्यां धृतराष्ट्र, गांधारी व विदुर यांचा सल्ला घेऊं, निजलेल्यांस मारणें हा धर्म नव्हे, उजाडल्यावर लढावयाचें तर आम्ही दोघे तुजबरोबर आहोंत. अश्वत्थामा प्रत्येक मुद्द्यास उत्तर देतो. क्रोधानें जळणाऱ्यास झोंप कशी येईल ? धर्माचा बांध पांडवांनींच प्रथम फोडला आहे. मला कृमिकीटकांचा जन्म आला तरी चालेल, पण बापाचा सूड घेतल्यावांचून मी राहणार नाहीं. इतकेंच नव्हे, तर ब्राह्मणकुळांत जन्मून आपण क्षत्रियांचा मार्ग धरला हें त्याचें शल्यहि तो बोलून दाखवितो. इरावतीबाई कर्वे यांनीं १९६७ सालच्या ‘युगान्त’ या ग्रंथांत द्रोण व अश्वत्थामा यांचा विचार याच, परधर्माच्या, दृष्टीनें केला आहे.

हा संवाद म्हणजे निश्चय. यानंतर तो शिबिरांत शिरला, धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पांच पुत्र मारले गेले, तरी हा असा कां वागला असें वाचक विचारीत नाहीं. तो हळहळतो, संतापतो, पण गोंधळत नाहीं. त्या परदेशी राणीसहि शहाण्या मंत्र्यानें नगर वांचविण्याची विनंती केली होती. परंतु घंटा वाजत असतां तिचें उत्तर आपण ऐकत नाहीं. अश्वत्थाम्याचें उत्तर आपण ऐकतों. दोन शेवटांतील खरा भेद एवढाच आहे.

पुढें पाठलाग झाला तेव्हां त्यानें गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्राची योजना केली. अर्जुनानेंहि तेंच सोडलें. नारद व व्यास मध्यें उभे राहिले. अर्जुनानें आपलें अस्त्र मागें घेतलें. अश्वत्थाम्यास तें मागें घेतां येईना. हट्टानें मिळविलेली विद्या त्यास सोडतां येत होती, आवरतां येत नव्हती. शेवटीं त्यानें तें उत्तरेच्या गर्भावर टाकलें. मस्तकावरील मणि देऊन, तीन हजार वर्षें एकाकी भटकण्याचा श्रीकृष्णाचा शाप घेऊन तो वनांत गेला.

आपल्या शाळेंतील विद्यार्थ्यांस बायबलांतील काइनाची गोष्ट ठाऊक असेल. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायांत, भाऊ हाबेल याचें अर्पण मान्य झालें व आपलें झालें नाहीं म्हणून काइनाचें तोंड उतरतें. हत्येपूर्वींच देव त्यास सावध करतो, पाप दाराशीं टपलें आहे, त्यावर तूं ताबा ठेव, अशा अर्थाचें बोलतो. तो ऐकत नाहीं. भावाचा घात करतो, आणि अंगावर खूण घेऊन भटक्या होतो. देश भिन्न, धर्म भिन्न; परंतु दोन्हीकडे कृत्याच्या आधीं सावध करणारी वाणी आहे, आणि मागून दिलेली शिक्षा मरणाची नसून जगण्याची आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानांत धरावी. हेतु समजणें म्हणजे कृत्य क्षम्य ठरविणें नव्हे. दूध नाकारलेल्या मुलाविषयीं आपणांस कळवळा येतो. त्या कळवळ्यानें निजलेल्या पांच कुमारांचें रक्त धुतलें जात नाहीं. सातपुड्यांतील लोकांनीं हा विवेक कोणत्याहि टीकाकारापेक्षां चांगला राखला आहे. त्यांच्या कथेंत अश्वत्थाम्याची जखम कधीं भरत नाहीं. पण तो दाराशीं आला तर त्यास तेल नाकारावें असेंहि ती कथा सांगत नाहीं.

पालकांनीं मुलांसह एखादी मालिका पाहिली, अथवा कादंबरी वाचली, तर शेवटीं तीन प्रश्न अवश्य विचारावे : याला कोणता आघात बसला ? आघातापूर्वीं याचें मन कसें घडलें होतें ? आणि याला दुसरी वाट कोणी दाखविली होती, व तिला यानें काय उत्तर दिलें ? पालकांनीं दुसऱ्या प्रश्नापाशीं अंमळ थांबावें. मुलाची योग्यता ओळखूनहि केवळ हट्टापुढें हात टेकणारा द्रोणासारखा बाप तेथें भेटतो. विद्यार्थ्यांनीं तिसऱ्यापाशीं थांबावें. आपल्यालाहि कोणी हंसतें, आपलीहि कोणी फसवणूक करतें, रात्रीं झोंप येत नाहीं. अशा वेळीं जवळ निजलेल्या वडील माणसास जागें करणें एवढें अश्वत्थाम्यानें बरोबर केलें होतें. त्याचें सांगणें ऐकावयाचें मात्र त्यानें नाकारलें.