तापलं की मंदावतं!

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला धुळ्याच्या देवपुरातले रस्ते ओस पडतात. पारा ४३-४४ वर गेलेला असतो, दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली असतात आणि सुट्टी लागलेली पोरंसोरं घरात असतात. मग घराघरांतून एकच हाक येते, "दादा, गेम लॅग मारतोय रे!" सकाळी झकास चाललेला गेम दुपारी अर्ध्या तासातच अडखळायला लागतो. शर्यतीतली गाडी ऐन वळणावर झटके खाते. कुणी इंटरनेटला दोष देतं, कुणी गेमलाच. पण बहुतेक वेळा खरी गोष्ट घडत असते ती पीसीच्या कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या पोटात. ती बिघाडाची गोष्ट नाही. कार्ड स्वतःचा जीव वाचवत असतं, आणि तेही फार हिशेबानं!

आधी त्याला काम किती असतं ते पाहू. तुमच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. गेम गुळगुळीत दिसायला अशी चित्रं सेकंदाला ६० तरी लागतात. म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा! हे काम करते ती कार्डातली सिलिकॉनची चिप. आरटीएक्स ४०६० हे घरगुती गेमिंगमधलं कार्ड घ्या. त्याची चिप जेमतेम १६० चौरस मिलिमीटरची आहे, म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. तेवढ्या जागेत १८९० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेले आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे चिमुकला विजेचा खटका. हे खटके सतत चालू-बंद होत असतात आणि दर वेळी थोडी वीज खातात. पूर्ण जोरात असताना हे कार्ड ११५ वॅट वीज घेतं. ती वीज चित्रात जाते असं वाटतं ना? नाही. चित्राची माहिती तेवढी बाहेर जाते, वीज मात्र जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन उरते.

ही उष्णता नाहीशी करता येत नाही. तिला फक्त दुसरीकडे नेता येतं. कार्डावरचे पंखे, जाळ्या, नळ्या हा सगळा पसारा तिच्या वाहतुकीसाठीच आहे.

त्यातल्या नळ्या मला फार आवडतात. कार्डाच्या कडेनं आत डोकावलंत तर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत दिसते. तिच्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तांब्याच्या, थोड्या चपट्या केलेल्या नळ्या गेलेल्या असतात. नळी भरीव वाटते, पण आतून पोकळ असते. तिच्यातली हवा काढून घेऊन अगदी थोडंसं पाणी घालतात आणि दोन्ही टोकं बंद करतात. हवा नसल्यामुळे आतला दाब इतका कमी असतो, की पाण्याला उकळायला १०० अंश लागतच नाहीत. कोमट झालं तरी ते उकळतं. चिपजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते आणि ती होताना चिपची उष्णता उचलते. वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, पत्र्यांपाशी थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि उष्णता तिथे सोडून देते. नळीच्या आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. तो पाणी शोषून पुन्हा चिपकडे आणतो. मोटर नाही, पंप नाही, आणि ही ये-जा वर्षानुवर्षं चालू! १९६३ साली अमेरिकेत लॉस अॅलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी करून दाखवली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळयानं होती. तुमच्या खिडकीतला कूलरही याच युक्तीवर चालतो. ओल्या गवतातलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं. फरक एवढाच, की कूलरचं पाणी उडून जातं म्हणून टाकी भरत राहावी लागते. नळीतलं पाणी आतच फिरत राहतं.

पत्र्यांपर्यंत आलेली उष्णता पंखे खोलीतल्या हवेत ढकलतात. देवपूरची अडचण सुरू होते ती इथे. पंख्यानं चिप खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. ती खोलीपेक्षा काही अंश वरच राहते. समजा एक गेम खेळताना पंख्याच्या ठरावीक वेगाला चिप खोलीपेक्षा ४५ अंश जास्त तापते. जानेवारीत खोली २० अंशांवर असेल तर चिप ६५ वर राहील. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली ४२ वर गेली की तीच चिप, तोच गेम, आणि आकडा ८७! धुळ्याची थंडीही कडक असते. पहाटेचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. एकाच कार्डाला वर्षभरात इतके दोन टोकांचे दिवस काढावे लागतात.

आता तो हिशेब. चिपमध्ये तापमान मोजणारे बारके डायोड असतात, तेही सिलिकॉनचेच. तापमान १ अंशानं वाढलं की अशा डायोडवरचं व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतं. म्हणजे जी वस्तू तापते तिच्यातच तिचा तापमापक! तो सारखा वाचला जातो. बऱ्याच कार्डांत आकडा ८३-८४ च्या आसपास गेला की चिप आपला वेग आणि व्होल्टेज दोन्ही थोडं उतरवते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

गणित करून बघा. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी उतरवलं तर ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. वेग गेला दहावा हिस्सा आणि उष्णता घटली पावहिश्शाहून जास्त! इतका फायद्याचा सौदा क्वचितच सापडतो.

पण असं न करता तापू दिलं तर? एक म्हणजे तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही वीज झिरपते, त्यानं उष्णता आणखी वाढते, आणि मग झिरपही वाढते. दुसरं म्हणजे चिपमधल्या अतिबारीक तांब्याच्या तारांत, धावत्या इलेक्ट्रॉनांच्या धक्क्यांनी तांब्याचे अणू हळूहळू जागचे सरकतात. उष्णतेत हे फार लवकर होतं आणि तार तुटू शकते. म्हणून सावकाशीनंही भागलं नाही, तर शेवटी कार्ड सरळ बंद पडतं.

सिलिकॉनचं उन्हाशी असलेलं हे भांडण आपल्या जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी दिसतं. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सौरपट्टीही बहुतेक वेळा सिलिकॉनचीच असते. तिची ताकद २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का घटते. पट्टी ६० अंश तापली तर ३५ × ०.४, म्हणजे १४ टक्के गेले! पट्टीला यात काही ठरवता येत नाही, कार्डाला येतं.

पुण्यात तर अशी कार्डं कपाटंच्या कपाटं भरून चालतात. सी-डॅक या सरकारी संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वा होता. त्यातलं एकेक ए१०० कार्ड ४०० वॅटपर्यंत वीज घेतं. पुण्यातल्याच आयसर या विज्ञानसंस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात चिपना थंड करायला थेट द्रव खेळवला आहे. हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी जास्त वाहून नेतं.

घरी आपण काय करू शकतो? सगळ्यात आधी धूळ. उन्हाळ्यातल्या वाऱ्यांनी आपल्याकडे घराघरांत मातीचा थर बसतो आणि तो त्या पत्र्यांमधल्या फटी बुजवतो. पीसी बंद करून, प्लग काढून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन मऊ ब्रशनं साफ करा. हवा मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून खराब होतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. कूलर खोलीत जरूर लावा, समोरची खिडकी उघडी ठेवा, पण त्याचा ओला झोत थेट पीसीवर येऊ देऊ नका. लॅपटॉप गादीवर ठेवला की त्याच्या खालच्या जाळ्या बुजतात. मोबाइलला तर सहसा पंखाच नसतो, म्हणून तो लवकर मंदावतो. चार्जिंगला लावून गेम खेळलात तर आणखी लवकर, कारण चार्ज होताना बॅटरीही तापते.

आणि माझा आवडता उपाय : गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमची, म्हणजे सेकंदाला काढायच्या चित्रांची, मर्यादा ६० करा. तुमचा पडदा सेकंदाला ६०च चित्रं दाखवत असेल, तर कार्डानं १४० काढून फायदा काय? उरलेली ८० कुणाला दिसतच नाहीत, खोली मात्र तापवतात.

आता एक प्रयोग. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडलं की कार्डाचं तापमान दिसतं. भिंतीवर साधा तापमापक लावा. सकाळी सातला आणि दुपारी तीनला तोच गेम, तोच टप्पा, २० मिनिटं खेळा आणि दोन्ही तापमानं वहीत लिहा. खोली जेवढे अंश वाढली तेवढेच अंश कार्ड वाढलं का? कमी वाढलं असेल तर कान देऊन ऐका, दुपारी पंखा जास्त जोरात फिरत असेल. पंख्याचा आवाज सारखाच असेल, तर फ्रेमचा आकडा बघा. तो सकाळपेक्षा खाली आला असेल, तर तुम्ही थ्रॉटलिंग रंगेहाथ पकडलंत!