वाळूच्या खळग्याचें अस्तर व निचरा

गोल्फचा खेळ आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांनीं प्रत्यक्ष पाहिला असेल. तथापि आमच्या पनवेल तालुक्यांतच, खारघरच्या डोंगरांच्या कुशींत, पांडवकड्याच्या धबधब्याजवळ सिडकोनें या खेळाचें एक विस्तीर्ण मैदान तयार केलें आहे, आणि विचुंब्याहून तें फार दूर नाहीं. अशा मैदानांवर हिरवळीच्या मधून मधून वाळूनें भरलेले खळगे मुद्दाम केलेले असतात. त्यांस बंकर म्हणतात. चेंडू त्यांत पडला म्हणजे खेळाडूची परीक्षा होते. परंतु आमच्याकडील पावसाळ्यांत खेळाडूपेक्षां तो खळगा बांधणाऱ्याची परीक्षा अधिक कठीण असते. खळग्याच्या तळाशीं कोणतें अस्तर घालावें व पाण्याचा निचरा कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय खेळाचा असला तरी त्यांतील नियम शाळेच्या लांब उडीच्या हौदास व घराच्या अंगणासही लागू पडतात.

हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर वाढला. तेथील जमीन मुळांतच रेताड. पडलेलें पाणी जागच्या जागीं खालीं मुरून जाई. इंग्रजांबरोबर हा खेळ आमच्या देशांत आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालीं निघाला, व चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालीं. खेळ आला, पण त्याबरोबर स्कॉटलंडची जमीन आली नाहीं. आमच्या भागांत काळ्या कातळाची झीज होऊन झालेला मुरूम आणि चिकणमाती आढळते. अशा मातींत खळगा खणून त्यांत वाळू भरणें म्हणजे परातींत वाळू घालून ती पावसांत ठेवण्यासारखें आहे. पाण्यास खालीं वाट नसल्यामुळें परात भरून वाहूं लागणारच.

आतां पाऊस किती पडतो तें पाहूं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. अर्थात् शंभर चौरस मीटरच्या खळग्यांत त्या एका दिवसांत ९४,४०० लिटर पाणी नुसतें आकाशांतून पडलें असतें! भोंवतालच्या उतारावरून वाहत येणारें पाणी याहून निराळें. म्हणून पहिला नियम असा कीं, बाहेरचें पाणी खळग्यांत येऊंच देऊं नये. वरच्या बाजूस उथळ चर खणून किंवा कांठ किंचित् उंच करून तें बाजूस वळवावें. हें न करितां कितीही महाग अस्तर घातलें तरी तें व्यर्थ होय.

पाण्यापासून खळग्याचें नुकसान दोन प्रकारें होतें. एक तर पाणी सांठून राहतें. दुसरें, तें उतारावरील वाळू धुऊन तळाशीं नेतें. वाळू गेली म्हणजे खालची माती उघडी पडते, आणि ती पुढील सरीबरोबर वाळूंत मिसळते. हें मिश्रण फार घातक असतें. बंकरच्या चांगल्या वाळूचे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटर जाडीचे असतात. चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाहूनही लहान असतो. हे बारीक कण वाळूच्या छिद्रांत जाऊन बसले कीं पाण्याची वाट बंद झालीच म्हणून समजावें. आमच्या शेतकरी पालकांस हें सांगावयास नको. भातखाचरांत ते चिखलणी करितात ती याच हेतूनें, कीं मातीचीं छिद्रें बुजावीं व पाणी खाचरांत राहावें. शेतकऱ्यास जें साधावयाचें असतें तेंच बंकर बांधणाऱ्यास टाळावयाचें असतें. ज्ञान मात्र दोघांचें एकच.

निचऱ्यासाठीं तळाशीं चर खणून त्यांत भोकें असलेल्या चार इंची नळ्या खडींत बसवितात. मधोमध एक मुख्य नळी व तिला दोहों बाजूंनीं तिरप्या जोडलेल्या उपनळ्या, अशी रचना माशाच्या कांट्याप्रमाणें दिसते. नळीस शंभर फुटांस निदान एक फूट उतार असावा, आणि तिचें तोंड पाणी जेथें खरोखर वाहून जाईल अशा सखल जागीं उघडावें. वरच्या टोंकास एक झांकण ठेविल्यास गाळ सांचल्यावर नळी पाण्याच्या जोरानें धुतां येते.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. खालीं खडी घातली म्हणजे वरची वाळू आपोआप कोरडी होते, असें पुष्कळांस वाटतें. घरीं एक प्रयोग करून पाहावा. स्पंजचा एक लांबट तुकडा पाण्यांत पूर्ण भिजवून आडवा धरावा. कांहीं वेळानें त्यांतून पाणी गळावयाचें थांबेल. आतां तोच तुकडा उभा करावा. पाणी पुनः गळूं लागेल. याचें कारण असें कीं, बारीक छिद्रें केशाकर्षणानें ठराविक उंचीपर्यंतच पाणी धरून ठेवितात. स्तंभ त्याहून उंच झाला म्हणजे जास्तीचें पाणी सोडून देतात. वाळूचेंही असेंच आहे. खडीचीं छिद्रें मोठीं, म्हणून वाळू आपलें पाणी सहजासहजीं खडीस देत नाहीं. थराचा तळ ओलाच राहतो. याकरितां तळाशीं वाळूचा थर चार ते सहा इंच तरी ठेवितात. त्याहून पातळ थर नेहमींच दमट राहतो. उतारावर मात्र पाणी खालीं उतरत असल्यानें दोन-तीन इंच थर पुरतो.

पाणी वाळूंतून किती वेगानें जातें, याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच इंजिनियरानें १८५६ सालीं दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याच्या वृत्तांतांत प्रसिद्ध केला. पुढें कार्ल तेर्झागी यानें, एका थराचे कण दुसऱ्यांत घुसूं नयेत म्हणून दोन्ही थरांच्या कणांचें प्रमाण कसें असावें हें ठरविलें. वरच्या थरांतील जाड कणांच्या मानानें खालच्या थरांतील बारीक कण चार-पांच पटींहून मोठे नसावेत, हें त्याचें सार. खडी याहून मोठी असेल तर वाळू तिच्यांत गळून नळी बुजवील.

आतां अस्तराकडे वळूं. अस्तराचें काम माती खालीं व वाळू वर ठेवणें, आणि पाण्यास मात्र वाट देणें हें होय. याचे मुख्य प्रकार तीन. पहिला जाड, न विणलेल्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा. हें सर्वांत स्वस्त असून आकड्यांनीं जमिनीस खिळवितां येतें. परंतु वाळूंत गाळ असेल तर चहाच्या गाळणीप्रमाणें त्याचीं छिद्रें तुंबतात, आणि कांठ सैल झाल्यास तें दंताळ्यांत अडकून वर येतें. दुसरा प्रकार दोन इंच बारीक खडीच्या थराचा. अमेरिकेंतील ऑगस्टाच्या मैदानाची देखरेख करणाऱ्या बिली फुलर यांनीं तळाशीं सर्वत्र खडी पसरण्याची पद्धत प्रचारांत आणिली. पुढें त्या खडीवर चिकट रसायन शिंपडून ती जागच्या जागीं घट्ट करूं लागले. यांतून पाणी झपाट्यानें जातें व दंताळें अडकत नाहीं. खर्च मात्र बराच येतो. तिसरा प्रकार सच्छिद्र काँक्रीटचा. त्याच्या एका जातींत छिद्रें मुद्दाम इतकीं बारीक ठेवितात कीं, तें केशाकर्षणानें वाळूंतील पाणी खालीं ओढून घेतें. वर सांगितलेल्या स्पंजच्या अडचणीस हें उत्तर होय. पण यासही पैसा व कुशल कारागीर लागतात.

मग निवड कशी करावी? खळगा उथळ, उतार सौम्य व पैसा थोडा असेल तर कापड पुरेसें आहे. पण वाळू धुतलेली पाहिजे. भिंत उभी असेल व धो धो पावसांत वाळू वरचेवर खालीं येत असेल, तर दर पावसाळ्यांत ती पुनः वर ओढण्याची मजुरी मोजावी. कांहीं वर्षांच्या मजुरीचा हिशेब केला असतां खडीचें वा काँक्रीटचें अस्तर पुष्कळदां स्वस्त पडतें. वाळूची परीक्षा तर विद्यार्थीही करूं शकतील. कांचेच्या पेल्यांत मूठभर वाळू व पाणी घालून ढवळावें. वाळू बसल्यावरही पाणी गढूळ राहिलें तर तिच्यांत गाळ आहे. खाडीची वाळू खारट असल्यानें भोंवतालच्या गवतास बाधक, आणि खडी दळून केलेल्या वाळूंत दगडाचा भुगा असतो; म्हणून दोन्ही धुतल्यावांचून वापरूं नयेत.

शाळेच्या लांब उडीच्या हौदास हेंच लागू आहे. ज्या हौदांत माती मिसळून वाळू दगडासारखी घट्ट झाली, त्यांत उडी मारणाऱ्या मुलाचा पाय मुरगळावयास वेळ लागत नाहीं. आणि विचुंब्याच्या आसपास तर पूर्वीं जेथें खाचरें होतीं तेथें भराव घालून घरें झालीं आहेत. खाचर तुंबलें तर पीक तग धरी. घर तुंबलें तर धान्य, कपडे व मुलांचीं पुस्तकें भिजतात. घर बांधणाऱ्यानें फरशीचा रंग निवडण्यापूर्वीं पाणी कोठून येईल व कोठें जाईल, हे दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या पावसाच्या सरींत छत्री घेऊन अंगणांत पांच मिनिटें उभें राहिल्यास त्यांचें उत्तर डोळ्यांना दिसतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या मृगांत एवढें निरीक्षण करून त्याचा एक साधा नकाशा काढावा, आणि तो वडील मंडळींस दाखवावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.