वृद्धांची सोबत : भेट आणि मैत्री

पाळकाच्या दैनंदिनीत ‘वृद्धांच्या भेटी’ असा एक रकाना बहुधा असतोच. महिन्याकाठी घरी जावे, शास्त्रपाठ वाचावा, प्रार्थना करावी, अंथरुणाला खिळलेल्यांस प्रभुभोजन द्यावे आणि पुढच्या घराची वाट धरावी, असा आपला क्रम असतो. ही सेवा आवश्यक आहे. तिचे महत्त्व आम्हांस कमी लेखावयाचे नाही. परंतु तिने वृद्ध माणसाचे एकाकीपण दूर होते काय, असे स्वतःस विचारले तर उत्तर देताना आपण अडखळतो. पाळक काही देण्यासाठी जातो आणि घरातील वृद्ध घेणारा ठरतो. मैत्रीत देणाराघेणारा असा कायमचा भेद नसतो. सामान्य स्वयंसेवकांनी एकाकी वृद्धांस नियमित सोबत द्यावी, अशा योजना अनेक देशांत आज चालू आहेत. त्यांतील एका जुन्या योजनेचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे, कारण आपल्या भेटींत नेमके काय उणे आहे ते तिच्यामुळे आमच्या ध्यानात आले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा पॅरिस शहरात गरिबीने व आप्तांच्या मृत्यूने एकटे पडलेले असंख्य वृद्ध होते. आर्मां मार्किझे हे १९०० साली सधन घराण्यात जन्मलेले, संगीतात रमणारे गृहस्थ. त्यांनी १९४६ च्या ईस्टरला मोजक्या तरुणांना हाताशी धरून ‘गरिबांचे धाकटे बंधू’ ह्या नावाची संस्था सुरू केली. आरंभी काम साधे होते : गरम जेवण तयार करावयाचे आणि जिने चढून ते वृद्धांच्या खोल्यांत पोहोचवावयाचे. पण जेवणाबरोबर फुलेही जाऊ लागली. भाकरीच्या आधी फुले द्यावीत, हेच संस्थेचे ब्रीद झाले. नाताळच्या रात्री ह्या वृद्धांसाठी मेजवानी होई आणि उन्हाळ्यात त्यांना खेड्यातील प्रशस्त वाड्यांत सुट्टीसाठी नेत. हा खर्चिक थाट कशाला, असा प्रश्न आपल्याकडील कोषाध्यक्षाने खचित विचारला असता! आम्हीही तो मनात विचारला. मग आमच्या नाताळातील चादरवाटपाचे चित्र डोळ्यांपुढे आले. रांग, यादी, छायाचित्र. आणि चादर घेणाऱ्या आजीचे नाव वाटणाऱ्यास ठाऊक नाही. चादरीने थंडी जाते हे खरेच. परंतु आपण कोणाला तरी हवे आहोत, हे फुले हाती देणाऱ्या माणसाकडूनच कळते.

ही संस्था आज कोणत्याही पंथाची नाही व धर्मप्रचार करीत नाही. १९५९ मध्ये ती शिकागोला व १९६२ मध्ये माँट्रियलला पोहोचली. पुढे जर्मनी, स्पेन, आयर्लंड, पोलंड इत्यादी देशांतही तिच्या शाखा निघाल्या.

ह्या कामाची गरज किती खोल आहे, हे फ्रान्सला २००३ च्या ऑगस्टमध्ये कळून आले. त्या महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत असह्य उष्म्याची लाट आली आणि नेहमीपेक्षा सुमारे १५,००० अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य पंचाहत्तरीच्या पुढची होती, आणि पुष्कळजण घरात एकटे होते. ऑगस्ट हा तेथे सुट्ट्यांचा महिना. कुटुंबे, शेजारी, डॉक्टर सारेच बाहेरगावी. पॅरिसमधील ५७ मृतदेह घेण्यास कोणीच पुढे आले नाही. ३ सप्टेंबर रोजी शहराजवळील तिये येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष त्या वेळी उपस्थित होते. जिवंतपणी ज्यांच्या दारात कोणी गेले नव्हते, त्यांच्या दफनाला राष्ट्राचा प्रमुख आला.

पुढल्याच वर्षी कायदा झाला. पेंटेकॉस्टनंतरचा सोमवार हा तेथे सुट्टीचा दिवस. त्या दिवशी लोकांनी वेतनाविना काम करावे आणि त्यातून उभा राहणारा निधी वृद्ध व अपंग ह्यांच्यासाठी वापरावा, असे ठरले. (दिवस कोणता असावा ह्याविषयी पुढे २००८ मध्ये सवलत देण्यात आली.) त्याच कायद्याने प्रत्येक नगरपालिकेने एकाकी वृद्धांची नोंदवही ठेवावी असेही ठरविले. नोंदवहीची कल्पना चांगली. पण तीत नाव यावयाचे तर कोणीतरी ते द्यावे लागते. ज्याच्याकडे चौकशी करणारा भाचा किंवा शेजारीण आहे त्याचे नाव येते. ज्याचे कोणीच नाही त्याचे कोण देणार? आपल्या मंडळीच्या यादीचीही हीच गत आहे. उपासनेस येणाऱ्या वृद्धांस आपण ओळखतो. दोन वर्षांपूर्वी येण्याचे थांबलेले सर्वांत आधी विसरतो.

ह्याच संस्थेने फ्रान्समधील साठीपुढील लोकांची वेळोवेळी पाहणी केली आहे. कुटुंब, मित्र, शेजारी आणि संस्था ह्या चारही वर्तुळांतून जवळजवळ बाहेर पडलेल्यांची गणना तीत वेगळी केली जाते. २०१७ मध्ये असे सुमारे ३ लाख लोक होते. २०२१ मध्ये ५ लाख ३० हजार. ह्या स्थितीला ते ‘सामाजिक मृत्यू’ म्हणतात. शब्द कठोर आहे, पण अचूक आहे.

आता कामाची रीत. स्वयंसेवकाला प्रथम प्रशिक्षण मिळते. तो परिचारक नव्हे, मोलकरीण नव्हे, समुपदेशकही नव्हे. ती कामे इतरांची. त्याने ठरलेल्या दिवशी यावे, बसावे, बोलावे, ऐकावे, जमल्यास फिरावयास न्यावे. आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, एका वृद्धाची जबाबदारी एकट्या स्वयंसेवकावर न टाकता गटाने घेतली जाते. कोणी आजारी पडला, कोणाची बदली झाली, तरी भेट चुकत नाही. आणि हे नाते वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीचे नसते. पुष्कळदा ते रुग्णालयातील शेवटच्या खाटेपर्यंत व तेथून दफनभूमीपर्यंत जाते.

ठरवून लावलेली मैत्री ही खरी मैत्री असू शकते काय, अशी शंका येथे निघते आणि ती रास्त आहे. अशा भेटींवर झालेल्या संशोधनांतही मनाच्या खिन्नतेवर आढळलेला परिणाम माफकच आहे. ज्यांस चमत्काराची अपेक्षा आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. तथापि शाळेतील बाकही कोणीतरी ठरवूनच दिलेले असते, आणि त्या बाकावरच्या मैत्री जन्मभर टिकतात. योजनेने फक्त बाक द्यावयाचे असते.

पाळकांसाठी आणखी एक उदाहरण मोलाचे आहे. ते वृद्धांविषयीचे नाही. लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक ह्या मंदिराचे धर्मगुरू चाड व्हारा ह्यांनी १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनीची सेवा सुरू केली. सल्ला आपण स्वतः द्यावयाचा, अशी त्यांची योजना होती. भेटीस आलेल्यांना वाट पाहावी लागे, म्हणून काही स्वयंसेवक त्यांना चहा-कॉफी देऊन त्यांच्याशी बोलत बसत. थोड्याच महिन्यांत असे दिसून आले की, बाहेर चहाबरोबर गप्पा मारून झाल्यावर अनेकांना आत धर्मगुरूंकडे जाण्याची गरजच उरत नसे. व्हारा ह्यांनी हे ओळखले आणि १९५४ च्या आरंभी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपविले. सॅमॅरिटन्स ह्या सुप्रसिद्ध संस्थेची ही सुरुवात. आपल्या मंदिरात चहा देणाऱ्यांकडे आपण कधी ह्या दृष्टीने पाहिले आहे काय?

आपल्याकडे वृद्ध एकटे नसतात, कुटुंबात असतात, असे अजूनही व्यासपीठावरून सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. आणि गोव्यातील कितीतरी घरांतील मुले आखाती देशांत, पोर्तुगालात वा इंग्लंडात आहेत. पैसा येतो, दूरध्वनी येतो; संध्याकाळी ओसरीवर कोणी येत नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या मराठी मंडळ्यांत एकाकीपणाचा आणखी एक प्रकार आम्ही पाहतो. घर भरलेले असते, पण नातवंडे हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी बोलतात. आजी रेव्हरंड टिळकांची भजने ज्या भाषेत शिकली, त्या भाषेत तिच्याशी भांडणारेसुद्धा कोणी उरलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील तक्रार येथे आठवते. रोजच्या वाटणीत ज्या विधवांची उपेक्षा झाली त्या ग्रीक बोलणाऱ्या होत्या. प्रेषितांनी ते काम स्वतःकडे न ठेवता मंडळीतून निवडलेल्या सात माणसांकडे दिले, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत, हे टीकाकार पूर्वीपासून दाखवीत आले आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांच्याच भाषेची माणसे बहुधा नेमली गेली.

आमची एक चूक येथे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी लेंतकाळात आम्ही तरुण संघाकरवी अशा भेटी सुरू केल्या. उत्साह मोठा होता. चाळीस दिवसांत वीस घरे झाली. पुढे परीक्षा आल्या, पाऊस आला, आणि भेटी बंद पडल्या. श्रावणात आम्ही त्यांतील एका आजोबांकडे गेलो, तेव्हा दाराजवळ दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. गुरुवार होता, मुले गुरुवारी येत असत. “परीक्षा संपल्या नाहीत का अजून?” एवढेच त्यांनी विचारले. आम्ही गेलोच नसतो तर त्या खुर्च्या तेथे नसत्या. बंद पडलेली भेट ही न झालेल्या भेटीपेक्षा वाईट, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

म्हणून ज्या मंडळीस हे काम हाती घ्यावयाचे आहे तिने वीस घरे घेऊ नयेत. तीन घरे घ्यावीत आणि प्रत्येक घरामागे चार माणसे. दोघांनी मिळून जावे. त्यांत निवृत्त शिक्षिका असावी, कारखान्यात पाळी करणारा असावा, शक्य तर स्वतः सत्तरी गाठलेला कोणी असावा. वार व वेळ वृद्धाने ठरवावी. पैसे, दागिने, मृत्युपत्र, बँकेची सही ह्यांस स्वयंसेवकाने कदापि हात लावू नये, हे प्रथमच सर्वांसमक्ष सांगावे. घरात छळ किंवा उपासमार दिसल्यास गप्प बसू नये : २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आहे, आणि २०२१ पासून १४५६७ ह्या क्रमांकावर वृद्धांसाठी मोफत साहाय्य उपलब्ध आहे. प्रार्थना करावी काय? वृद्धाने म्हटले तर अवश्य. भेटीचा समारोप प्रार्थनेनेच व्हावा असा नियम मात्र करू नये. प्रार्थना झाली म्हणजे पाहुणा उठणार, हे आपल्या वृद्धांना पाठ झाले आहे.

त्यांच्याकडून घ्यावयासही शिकावे. लोणच्याची कृती, जुन्या मंडळीची हकीकत, हार्मोनियमवरील एखादी विसरलेली चाल, काहीही चालेल. त्यांनी दिलेला चहा नाकारू नये, साखर अधिक झाली असली तरी.